कान असलेला प्रोग्रॅमर



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी पेटी वाजवायचे, असं तुमच्या निमंत्रणपत्रात वाचलं आणि मी लगेच होकार कळवला. म्हटलं, आपला विषय या व्यासपीठाला परका नाही.

समोर सभागृहाचे सरळ दोन भाग दिसतायत. पुढच्या रांगांत मैफली ऐकून केस पांढरे केलेली मंडळी. मागे, भिंतीला टेकून, कॉलेजची मुलं. पुढच्यांना वाटतं की संगणकाने गाण्याचं वाटोळं केलं. मागच्यांना एवढंच कळायला हवंय की यात नोकरी आहे का आणि पगार किती. आज मी दोघांचीही थोडी निराशा करणार आहे.

सॉफ्टवेअर आणि संगीत यांची गाठ काही परवा पडलेली नाही. १९५७ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये मॅक्स मॅथ्यूज नावाच्या इंजिनिअरने आयबीएमच्या अवाढव्य संगणकाकडून सतरा सेकंदांची एक धून वाजवून घेतली. म्हणजे या नात्याची साठी केव्हाच उलटली. पण इतिहासात रमायला वेळ नाही. त्यापेक्षा तीन माणसं दाखवतो.

पहिला अँडी हिल्डेब्रँड. हा गृहस्थ तेलकंपन्यांसाठी काम करायचा. जमिनीत धक्का द्यायचा, खालून परत येणाऱ्या लहरी टिपायच्या आणि त्यांच्या गणितावरून तेल कुठे असेल ते सांगायचं, हे त्याचं काम. पण तो बासरी वाजवणारा होता. तेलासाठी वापरलेलं गणित त्याने माणसाच्या गळ्याला लावलं आणि १९९७ मध्ये 'ऑटोट्यून' बाजारात आलं. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या 'बिलीव्ह'मध्ये ते जगाने ऐकलं. पुढच्या रांगेतून नापसंतीचा सूर आला तो मला ऐकू आला! ऑटोट्यून चांगलं की वाईट यावर पुन्हा कधी भांडू. आत्ता फक्त लक्षात ठेवा की ते कुणी केलं.

दुसरे बंगळुरूचे जी. राज नारायण. हिंदुस्तान एरोनॉटिक्समधले अभियंते, आणि तेही बासरीवादक. त्यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला. तुमच्यातल्या किती जणांचा रियाज त्या छोट्या पेटीवर झालाय? बघा, पुढचेच हात वर आले.

तिसरे आपल्या पुण्याचे संदीप रानडे. पंडित जसराजांचे शिष्य आणि पेशाने संगणक अभियंता. त्यांच्या 'नादसाधना' या ॲपला २०२१ मध्ये नावीन्याच्या गटात ॲपलचं डिझाइन पारितोषिक मिळालं. गाणाऱ्याचा सूर ऐकायचा, तो कुठे चढला-उतरला ते तिथल्या तिथे दाखवायचं आणि साथही करायची, असं ते ॲप आहे.

या तिघांकडेही यंत्राच्या ज्ञानाबरोबर संगीताचा कानही होता. प्रोग्रॅमिंग येणारी माणसं आपल्याकडे लाखांनी आहेत. गाणंवाजवणं येणारीही थोडीथोडकी नाहीत. पण दोन्ही येणारी? तिथे अजून गर्दी नाही, आणि मी ज्याला संधी म्हणतो ती तिथेच आहे. पुढचा स्पॉटिफाय काढायला निघालेले तरुण मला वरचेवर भेटतात. त्यांना शुभेच्छा देऊन मी विषय बदलतो.

आता पहिला मुद्दा, संगीतकाराच्या हातातल्या साधनांचा.

१९८३ मध्ये जपानचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने 'मिडी' नावाचा संकेत ठरला. कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या यंत्राशी बोलू लागला. त्यासाठी कुणाकडून शुल्क घेतलं नाही, म्हणून तो जगभर पसरला. दोघांना २०१३ मध्ये त्याबद्दल तांत्रिक ग्रॅमी मिळालं. मिडीने स्वरांना शून्यापासून १२७ पर्यंत क्रमांक दिले. समजा साठ म्हणजे षड्ज. एकसष्ट कोमल रिषभ, बासष्ट शुद्ध रिषभ. आणि साठ ते एकसष्टच्या मधलं? दरबारीतला आंदोलित गंधार कुठल्या क्रमांकावर बसवणार? मींड म्हणजे तर क्रमांकांच्या मधूनच केलेला प्रवास. ती यंत्राला सांगायची कशी?

आपल्याला हे भांडण नवं नाही. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियम बंद केली, ती १९७१ पर्यंत. तिच्यावरचा मुख्य आक्षेप हाच होता की पट्ट्यांच्या मधलं तिला काही वाजवता येत नाही. मिडीत त्यावर 'पिच बेंड' नावाचं एक चाक होतं खरं, पण ते फिरवलं की त्या चॅनेलवरचे सगळे स्वर एकदम सरकतात. २०१८ मध्ये 'एमपीई' आलं आणि प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे हलवता येऊ लागला. २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती आली. म्हणजे आपल्या संगीताला या संकेतात मोकळी जागा मिळून फार वर्षं झालेली नाहीत. पण जागा मिळाली म्हणून सतारीची मींड आपोआप वाजत नाही. ती कुठे रेंगाळते, कुठे झटक्यात उतरते, हे कुणीतरी ऐकून, मोजून, कोडमध्ये लिहावं लागतं. हे काम बर्लिनमध्ये बसलेला प्रोग्रॅमर करील? करीलही. पण त्याला दरबारी कुणी ऐकवायचा?

या साधनांचा धंदा कसा चालतो तेही सांगतो, कारण मागच्या मुलांना त्यातच रस आहे. हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये 'व्हीएसटी' ही रचना आणली आणि इतरांना तिच्यासाठी लिहायची मुभा दिली. पूर्वी स्टुडिओत कपाटभर यंत्रं लागत. त्या प्रत्येक यंत्राच्या जागी एक छोटा प्रोग्रॅम आला, ज्याला प्लगइन म्हणतात. ॲमस्टरडॅमची 'फॅबफिल्टर' दोन मित्रांनी काढली. अमेरिकेतली 'व्हलहाला डीएसपी' प्रामुख्याने घुमारे विकते! मोठ्या सभागृहाचा घुमारा, लोखंडी पत्र्याचा घुमारा, असे. भाव पन्नास डॉलर. अशा छोट्या कंपन्यांचा माल जगातल्या नावाजलेल्या स्टुडिओंत असतो. गुंतवणूकदार नाही, काचेचं ऑफिस नाही. एखादी गोष्ट नीट करायची आणि वर्षानुवर्षं तीच सुधारत राहायची. आपल्याकडच्या जुन्या वाद्यकारागिरांची रीत याहून फार वेगळी नव्हती, मिरजेच्या तंतुवाद्यवाल्यांना विचारा.

आणि आपली वाद्यं? भारतीय वाद्यांच्या प्लगइनमध्ये बरीच वर्षं 'स्वरप्लग'चं नाव घेतलं जातं. ती बनवणारी कंपनी स्वित्झर्लंडची आहे. यात त्यांचा दोष काहीच नाही, त्यांनी मेहनत केली. पण हलगी, संबळ, दिमडी, तुणतुणं यांचं काम तरी स्वित्झर्लंडने करायचं का? हलगीच्या कडेचा ठोका वेगळा, मधला वेगळा. हलका, मध्यम, कडक अशा प्रत्येक जोरात तो अनेकदा रेकॉर्ड करावा लागतो, नाहीतर यंत्राची हलगी यंत्रासारखीच वाजते. त्यासाठी मुरलेला वाजवणारा हवा. त्याच्याशी लेखी करार हवा, आणि विक्रीतला वाटाही. एकदाच हजार-दोन हजार हातावर टेकवून त्याचा ठोका कायमचा घेऊन जाणं मला पटत नाही, आणि धंदा म्हणूनही ते शहाणपणाचं नाही, कारण पुढच्या वेळी तो दारात उभं करणार नाही.

तांत्रिक बाजूची एकच गोष्ट सांगतो. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांत साठवलेला असतो. प्रोग्रॅमला एका वेळी १२८ नमुने दिले, तर ते तयार करून परत द्यायला त्याच्या हातात तीन मिलिसेकंदही नसतात. उशीर झाला की स्पीकरमधून 'टक्' असा आवाज. बँकेचं पान अर्धा सेकंद उशिरा उघडलं तर कुणी आरडाओरडा करत नाही. इथे पन्नास मिलिसेकंद उशीर झाला तर वाजवणारा वैतागून उठतो. तबलजी गायकापासून पावणेदोन मीटरवर बसला तर ध्वनीला पोचायला पाच मिलिसेकंद लागतात, तेवढं कानाला चालतं. ब्लूटूथच्या हेडफोनवर हा उशीर बहुधा शंभराच्या पुढे जातो आणि सम हातातून निसटते. ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्या बाई 'माझ्याबरोबर म्हण' असं का म्हणू शकत नाहीत, 'मी म्हणते, मग तू म्हण' असंच का म्हणावं लागतं, त्याचं कारणही उशीरच. या क्षेत्रात अजून सी प्लस प्लस शिकावं लागतं ते याचसाठी.

आता दुसरा मुद्दा. हा रटाळ आहे, आणि माझ्या मते सर्वांत जास्त काम इथेच आहे. हिशोब.

१९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजान यांचं गाणं तबकडीवर उतरवलं गेलं. गाणं संपताना त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. मिरवण्यासाठी नव्हे. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या तंत्रज्ञांना कुठली तबकडी कुणाची हे कळावं म्हणून. म्हणजे आपल्याकडे तबकडीवर ध्वनिमुद्रण सुरू झालं त्याच वर्षी 'हे कुणाचं' हा प्रश्नही सुरू झाला. तो आजही सुटलेला नाही, फक्त गाणी कोट्यवधी झाली आहेत.

आज गाणं ॲपवर वाजलं की पैसे वाटले जातात. पण कुणाला? रेकॉर्डिंगला एक बारा अक्षरी क्रमांक असतो, आयएसआरसी. मूळ रचनेला दुसरा, आयएसडब्ल्यूसी. एका रचनेची पन्नास रेकॉर्डिंगं असू शकतात. गीतरामायणच घ्या. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, एकूण ५६ गीतं. तिथे माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे अनेक आवाज होते. पुढे बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, एकट्याने ती गायली, तीच घराघरांत पोचली. त्यानंतर इतर कितीतरी गायकांनी गायली. रचना तीच, गदिमांची आणि बाबूजींची, रेकॉर्डिंगं वेगवेगळी. आता संगणकाला विचारा, माडगूळकर कोण? एका यादीत 'ग. दि. माडगूळकर', दुसरीत 'गजानन दिगंबर', तिसरीत 'गदिमा', चौथीत नुसतं 'पारंपरिक', कारण भरणाऱ्याला घरी जायची घाई होती. फडक्यांच्या स्पेलिंगमध्ये पीएच की एफ? डीला ए लावायचा की नाही? यंत्राच्या दृष्टीने ही वेगवेगळी माणसं, आणि प्रत्येकाच्या नावावर चार-चार आणे.

आणि हे सोपं उदाहरण झालं. 'मोहित्यांची मंजुळा', 'साधी माणसं' या चित्रपटांचे संगीतकार कोण? आनंदघन. आणि आनंदघन म्हणजे? ऐका, सगळं सभागृह बोललं. लता मंगेशकर! तुम्हाला हे घरी कळलं, रेडिओवर कळलं. परदेशातल्या सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमला ते कोण सांगणार? नाव टोपण आहे की खरं, ही जोडी आहे की एकच माणूस, 'राम' म्हणजे राम कदम की राम फाटक, हे ज्याला ठाऊक आहे आणि ज्याला डेटाबेसही येतो, त्याच्यासाठी मी काम म्हणतोय ते हे.

यात खरंच पैसा आहे का? अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने रचनांच्या मानधनासाठी एक मध्यवर्ती संस्था नेमली गेली. २०२१ च्या फेब्रुवारीत ॲप कंपन्यांनी तिच्याकडे जुनी थकलेली रक्कम सोपवली, सुमारे ४२ कोटी ४० लाख डॉलर. हे पैसे कुणी चोरले नव्हते. गाण्यांची माहिती आणि माणसांची नावं जुळत नव्हती म्हणून ते पडून होते. हा एका देशाचा आकडा. आपल्याकडे २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांच्या मानधनाचा हक्क त्यांनी लिहून दिला तरी जात नाही, असं त्यात ठरलं. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी बाजू मांडली. हे मानधन गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासूनची आहे. कायदा आहे, संस्था आहे. पण कवीचा नातू फॉर्म भरायला बसला की अडतो, आजोबांची गाणी किती, कुठल्या चित्रपटांत, कुठल्या क्रमांकांनी नोंदलेली? या यादीसाठी महाराष्ट्रातली कितीतरी कुटुंबं आणि कॅसेटच्या काळातल्या कितीतरी छोट्या कंपन्या खुशीने पैसे देतील. यादी स्वच्छ करायची, दुहेरी नोंदी काढायच्या, देवनागरी आणि रोमन नावं जोडायची, तिमाही हिशोब तपासायचा. वर्तमानपत्रात तुमचा फोटो येणार नाही. दरमहा बिल मात्र निघेल.

तिसरा मुद्दा कृत्रिम बुद्धिमत्तेचा. त्याच्याशिवाय हल्ली व्याख्यान पुरं होत नाही म्हणतात.

गाणी तयार करणारी यंत्रं आली आहेत. सूनो आणि उडिओ या कंपन्यांवर २०२४ च्या जूनमध्ये मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी दावे ठोकले. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींनी वाद मिटवून परवान्याचे करारही केले. डीझर या फ्रेंच ॲपने २०२५ च्या एप्रिलमध्ये जाहीर केलं की त्यांच्याकडे रोज येणाऱ्या गाण्यांपैकी १८ टक्के पूर्णपणे यंत्राने केलेली आहेत. या शर्यतीत पाच मुलांची कंपनी काढून उतरू नका, एवढाच माझा सल्ला. तिथे संगणकांच्या विजेचं बिलच तुमच्या भांडवलापेक्षा मोठं असतं.

मला जास्त मोलाचं वाटतं ते याच विद्येचं दुसरं टोक, एकत्र मिसळलेले आवाज वेगळे करण्याचं. बीटल्सचं 'नाऊ अँड देन' २०२३ मध्ये आलं. जॉन लेननच्या घरगुती कॅसेटवरून त्याचा आवाज पियानोपासून सोडवून घेतला, तेव्हा ते शक्य झालं. नव्वदच्या दशकात याच गाण्याचा नाद त्यांनी सोडून दिला होता. असं काम करणारे काही प्रोग्रॅम फुकट मिळतात, २०१९ मध्ये डीझरनेच 'स्प्लीटर' खुलं केलं. मग लावा आपल्या नाट्यपदाला! लावून बघितलंत तर गंमत दिसेल. ही यंत्रं बहुतेक पाश्चात्त्य पॉप गाण्यांवर शिकलेली. त्यांच्या प्रसिद्ध संचात १५० गाणी आहेत आणि प्रत्येकाचे चार भाग. गळा, ड्रम, बास आणि 'इतर'. सारंगी इतर. पेटी इतर. तानपुरा इतर. तबल्याचा डग्गा बासमध्ये जायचा की ड्रममध्ये, यंत्र गोंधळतं. आपलं सगळं संगीत त्यांच्या 'इतर'मध्ये! यात रागवण्यासारखं काही नाही. आपल्या वाद्यांची स्वतंत्र, संमतीने केलेली रेकॉर्डिंगं आपण त्यांना दिलीच किती?

काम सुरूच नाही असंही नाही. मुंबईच्या एनसीपीएमध्ये सुवर्णलता राव आणि विम व्हॅन डर मीर यांनी रागसंगीताचे स्वर पडद्यावर रेषेने उमटवण्याचा प्रकल्प केला. पवईच्या आयआयटीत प्रीती राव यांची प्रयोगशाळा वर्षानुवर्षं यावर संशोधन करते. बार्सिलोनात झेव्हियर सेरा यांनी २०११ पासून हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीतासह पाच परंपरांवर प्रकल्प चालवला. संगीत आणि संगणक या विषयाची 'इस्मिर' ही जागतिक परिषद २०२२ मध्ये बंगळुरूला भरली. मागच्या मुलांनी ही नावं लिहून घ्या, यांचे निबंध जालावर वाचायला मिळतात.

पगाराचं विचारलं होतं ना? खरं सांगतो. तेवढ्याच हुशारीच्या मुलाला बँकेच्या किंवा जाहिरातीच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा जास्त मिळतं. संगीतातल्या कंपन्या लहान, जागा थोड्या. तेव्हा घरच्यांशी भांडून नोकरी सोडू नका. संध्याकाळचे दोन तास द्या. संकेतप्रक्रिया, म्हणजे सिग्नल प्रोसेसिंग, नीट शिका. इंजिनिअरिंगला तो विषय पास होण्यापुरता केलेला असतो, तो पुन्हा काढा. आणि एखादं वाद्य, किंवा गळा, गुरूकडे बसून शिका. व्हिडिओ पाहून नव्हे.

कायद्याचीही एक गोष्ट शिका, कारण तिच्यावर धंदा बुडतो. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षं टिकतो. रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. गदिमा गेले १९७७ मध्ये, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत त्यांच्या वारसांचे. बाबूजी गेले २००२ मध्ये, तेव्हा चाली २०६२ पर्यंत. साठच्या दशकाच्या सुरुवातीची एखादी तबकडी तबकडी म्हणून मोकळी झालेली असू शकते आणि तिच्यावरचं गाणं नसू शकतं. 'जुनं आहे, आता सगळ्यांचं' असं समजून ॲपवर चढवू नका.

घड्याळ पाहतोय, अध्यक्षांची चिठ्ठी येण्याआधी थांबतो. प्रश्न मागच्या मुलांनी आधी विचारावेत. आणि पुढच्या रांगांत ज्यांच्या घरी गणेशोत्सवातल्या, गावच्या मैफलींच्या जुन्या स्पूल किंवा कॅसेट असतील, त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटल्याशिवाय जाऊ नये. फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर कुतूहल म्हणूनसुद्धा ती टेपरेकॉर्डरवर लावून पाहू नका. फीतही जाईल आणि यंत्राचं हेडही खराब होईल. तशीच कोरड्या जागी ठेवा आणि पाकिटावर गायकाचं, साथीदारांचं आणि सालाचं जे काही आठवतं ते आज रात्रीच लिहून काढा.